इम्पल्स रिस्पॉन्सचा आलेख: आधी पट्टा बघा, मग रेषा

व्याजदर अचानक वाढला तर महागाई पुढची तीन वर्षं कशी हलते, हा माझ्या प्रबंधातला मुख्य प्रश्न होता. मासिक आकडे घेऊन व्हीएआर मॉडेल (प्रत्येक चल स्वतःच्या आणि इतर चलांच्या मागच्या मूल्यांवरून मांडणारं) बसवलं, इम्पल्स रिस्पॉन्स काढला, म्हणजे एका चलाला धक्का दिला की दुसरं पुढे कसं हलतं ते. मधली रेषा छान खाली गेलेली. मार्गदर्शकांनी आलेख हातात घेऊन एवढंच विचारलं, "हा पट्टा कशाचा आहे?" मला उत्तर देता आलं नाही. सॉफ्टवेअरने काढून दिला, तो मी चिकटवला होता.

तेव्हापासून नवीन मुलांना मी पहिली हीच गोष्ट सांगते. मधली रेषा म्हणजे फक्त अंदाज. त्या अंदाजावर किती विसंबायचं, ते एरर बँड, म्हणजे रेषेभोवतीचा पट्टा, सांगतो, आणि तो कसा तयार झाला हे माहीत नसेल तर आलेख वाचताच येत नाही.

आधी डिफॉल्ट तपासा. 'आर' या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमधल्या 'व्हार्स' पॅकेजमध्ये इम्पल्स रिस्पॉन्सचा पट्टा बूटस्ट्रॅपने (पुन्हापुन्हा कृत्रिम नमुने काढून) निघतो, पण फेऱ्या फक्त १०० आणि पातळी ९५ टक्के. म्हणजे प्रत्येक टोकाची कड जेमतेम दोन-तीन ड्रॉवर, म्हणजे फेऱ्यांच्या निकालांवर, उभी असते. माझा आलेख दर वेळी थोडा वेगळा यायचा, कड कधी शून्याच्या वर, कधी खाली. फेऱ्या २००० केल्या, सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात) ठरवून दिला, तेव्हा तो स्थिरावला. स्टेटा या दुसऱ्या सॉफ्टवेअरचं डिफॉल्ट वेगळं: तिथे सूत्राने काढलेला असिम्प्टोटिक (नमुना मोठा आहे असं धरणारा) पट्टा मिळतो आणि आलेख ८ कालावधींपर्यंतच जातो. आकडे मासिक असतील तर ते आठच महिने झाले. शिवाय 'आयआरएफ' (साधा इम्पल्स रिस्पॉन्स) आणि 'ओआयआरएफ' यांत गल्लत करू नका, ऑर्थोगोनल, म्हणजे एकमेकांशी सहसंबंध नसलेले, धक्के दुसऱ्यात असतात.

पट्टा किती टक्क्यांचा, यावर वाद होतात. अर्थशास्त्रज्ञ सिम्स आणि झा यांच्या १९९९च्या लेखानंतर ६८ टक्क्यांचे, म्हणजे १६ ते ८४ पर्सेंटाइलचे पट्टे खूप रुळले. त्यात काही चूक नाही. पण तुमचा ९५चा पट्टा दुसऱ्याच्या ६८च्या पट्ट्याशेजारी ठेवून "माझे निकाल कच्चे" असं ठरवू नका. मी काही आठवडे याच समजुतीत काढले.

सगळ्यात महागात पडलेली चूक संचयी प्रतिसादाची. मॉडेलमध्ये महागाईचा मासिक दर होता, मला किंमतपातळीवरचा परिणाम दाखवायचा होता. मी मधली रेषा महिन्यामागून महिना बेरजेत घेतली आणि तसंच वरच्या आणि खालच्या कडेचंही केलं. पट्टा भलताच फुगला. कारण सोपं आहे. खालची कड हा कुठलाही एक ड्रॉ नसतो, प्रत्येक महिन्याला ती वेगळ्या ड्रॉपासून येते. कडांची बेरीज करणं म्हणजे सगळ्या महिन्यांतल्या चुका एकाच दिशेला हातात हात घालून चालतात असं मानणं. क्रम असा हवा: आधी प्रत्येक ड्रॉची बेरीज, मग त्या बेरजांचे पर्सेंटाइल. गुणोत्तर, फरक, शिखर, काहीही काढायचं असलं तरी हाच क्रम. त्यासाठी ड्रॉ जपून ठेवावे लागतात. नुसत्या कडा साठवल्या की परतीची वाट बंद.

आलेख मांडताना एका चलाचे सगळे प्रतिसाद एकाच उभ्या मोजपट्टीवर ठेवा. नाहीतर सॉफ्टवेअर प्रत्येक चौकट ताणून भरतं आणि नगण्य हालचालही डोंगराएवढी दिसते. धक्का एका प्रमाण विचलनाचा आहे की एका टक्केबिंदूचा, हे चित्राखाली लिहा. शून्यरेषा ठळक ठेवा.

आणि पहिल्या महिन्यात पट्टा शून्यावर मिटलेला दिसला तर ते अचूकतेचं लक्षण समजू नका. चोलेस्की क्रमात (धक्के वेगळे करण्यासाठी चलं ज्या क्रमाने लावतो त्यात) आधी ठेवलेल्या चलाला नंतरच्या चलाचा धक्का त्याच महिन्यात पोचू शकत नाही, हे आपणच लादलेलं असतं. तो क्रम चुकीचा असण्याची शक्यता पट्ट्यात कुठेच मोजलेली नसते. म्हणून मी क्रम बदलून आलेख पुन्हा काढते.

शेवटी प्रबंधात मी दोन्ही पट्टे एकावर एक छापले: ६८चा गडद, ९५चा फिका. गडद पट्टा दुसऱ्या वर्षात शून्याखाली राहिला, फिका शून्याला स्पर्श करत होता. तोंडी परीक्षेत सगळ्यात जास्त चर्चा त्याच चित्रावर झाली.