रिमोटवर कीबोर्ड ‘बिघडला’? नवीन मागवण्याआधी या चुका टाळा

“सर, रिमोटला जोडलं की कीबोर्ड वेड्यासारखा करतो. नवीन मागवू का?” महिन्यातून दोनतीनदा हा फोन येतोच. (रिमोट म्हणजे विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, आपल्या मशीनवरून दूरच्या सर्व्हरवर काम करायची सोय.) मागवू नका. एवढ्या वर्षांत या तक्रारीपायी घेतलेला कीबोर्ड उपयोगी पडलेला मी पाहिलेला नाही. रिमोटची विंडो लहान करा, स्वतःच्या मशीनवर नोटपॅड उघडा आणि दोन ओळी टाइप करा. नीट उमटल्या? मग कीबोर्ड बिचारा निर्दोष आहे, घोळ मधल्या वाटेवर आहे.

ऑल्ट-टॅब मारत दोन्हीकडे काम करणं

या चुकीवर माझा विशेष राग आहे. एका सीएंच्या ऑफिसात टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर सर्व्हरवर होतं आणि सातआठ जण रिमोटने त्यात एंट्र्या करायचे. मार्चचा शेवटचा आठवडा. तिथल्या एका ताईंनी रिमोटची विंडो अर्ध्या स्क्रीनवर ठेवलेली, शेजारी एक्सेल, आणि दिवसभर ऑल्ट-टॅब, ऑल्ट-टॅब. संध्याकाळी बँकेशी ताळा जुळेना. तीन व्हाउचर, म्हणजे टॅलीतल्या नोंदी, गायब! सगळ्यांचा संशय नव्या मुलावर.

मी ताईंच्या मागे उभा राहिलो. त्या जुनं व्हाउचर उघडून पार्टीचं नाव बदलत होत्या. नाव ‘डी’ वरून. त्यांनी डी दाबला, टॅलीने ‘डिलीट? यस ऑर नो’ विचारलं, आणि सवयीने बोट एंटरवर गेलं. ऑल्ट-डी म्हणजे टॅलीत व्हाउचर पुसणं. पण ताईंनी ऑल्ट दाबलंच नव्हतं. निदान त्यांच्या मते.

झालं असं, की ऑल्ट दाबल्याची खबर सर्व्हरला गेली. टॅब मात्र त्यांच्याच मशीनने पकडला आणि विंडो बदलली. ऑल्ट सोडल्याची खबर मग सर्व्हरपर्यंत पोचलीच नाही. त्याच्या लेखी ऑल्ट अजून दाबलेलंच. दर वेळी असं होत नाही, म्हणूनच ते सापडत नाही. सर्व्हरवर ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडला (रनमध्ये ओएसके ही तीन अक्षरं इंग्रजीत टाइप करायची), तर ऑल्टचं बटण उजळलेलं. बॅकअपवरून ती तीन व्हाउचर परत भरेपर्यंत रात्रीचे साडेनऊ झाले. नव्या मुलाला कोणी सॉरी म्हटलं नाही.

उपाय दहा सेकंदांचा. रिमोटच्या आत क्लिक करा आणि दोन्ही बाजूंची ऑल्ट, कंट्रोल, शिफ्ट एकेकदा दाबून सोडा. डावं आणि उजवं सर्व्हरला वेगळं कळतं, म्हणून दोन्ही. शिफ्ट मात्र घाईने पाचदा बडवू नका. स्टिकी कीज (एकदा दाबलेलं शिफ्ट-कंट्रोल दाबलेलंच धरणारी सोय) चालू करायचं का असं विचारेल, तुम्ही न वाचता ‘येस’ म्हणाल, आणि मग मला पुन्हा फोन. मी स्वतः रिमोटमध्ये परतलो की आधी एकदा कंट्रोल टिचकावतो. आता ती खोडच लागली आहे.

कायमचा बंदोबस्त हवा असेल तर जोडण्याआधी रिमोटच्या जोडणीच्या विंडोत ‘शो ऑप्शन्स’मध्ये ‘लोकल रिसोर्सेस’ उघडा. तिथे विंडोज बटणाची कॉम्बिनेशन्स (ऑल्ट-टॅबही त्यातच) कुठे चालवायची ते ठरवता येतं. न छेडता ती फक्त फुल स्क्रीनमध्ये पलीकडे जातात. मी ‘ऑन द रिमोट कॉम्प्युटर’ ठेवतो आणि बाहेर यायला माउस वापरतो. ते नको असेल तर ऑल्ट-पेजअप रिमोटच्या आतल्या विंडो बदलतं.

आणि ‘सर्व्हर रीस्टार्ट मारून बघू का?’ म्हणणाऱ्यांनो, आत किती जण बसलेत ते आधी बघा.

पासवर्ड पुन्हा पुन्हा ठोकणं

तिसऱ्यांदा चुकला तर चौथ्यांदा बरोबर येणार नाही, खातं मात्र लॉक होईल. एका पार्टनरांचा मुलगा इंग्लंडात घेतलेल्या लॅपटॉपवरून जोडायचा. त्या कीबोर्डवर शिफ्ट-2 दाबलं की ॲटऐवजी (@) दुहेरी अवतरणचिन्ह येतं. ॲट असतं एंटरजवळच्या बटणावर. ठिपक्यांच्या मागे हे दिसणार कसं? पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्यांनी बघा, मग पुसा.

आत गेल्यावरही लेआउट, म्हणजे कोणत्या बटणाला कोणतं अक्षर ते, बदलू शकतो, कारण रिमोट जोडताना तुमच्या मशीनचा लेआउट सोबत नेतो. भाषेच्या चिन्हावर क्लिक करून बघा.

मराठी लिहिणाऱ्यांचा घोळ वेगळा. रिमोटवरून जातो तो बटणाचा क्रमांक, अक्षर नव्हे. अक्षर सर्व्हर ठरवतो. म्हणून तुमच्या मशीनवरचं फोनेटिक टायपिंग (इंग्रजी अक्षरांतून मराठी) तिकडे चालेलच असं नाही. सर्व्हरवर मराठी कीबोर्ड बसवून घ्या. इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट विंडोजमध्ये असतोच.

बाकीच्या फुटकळ

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट तुमच्याच मशीनला लागतं. पलीकडे पाठवायला कंट्रोल-ऑल्ट-एंड.

अक्षर उमटायला बटण धरून ठेवावं लागतंय? उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबलं गेलं असेल आणि त्याने फिल्टर कीज ही घाईची टिचकी न मोजणारी सोय चालू झाली असेल, ती बंद करा.

कॉपी-पेस्ट बंद पडलं तर तो कीबोर्डचा दोष नाहीच. सर्व्हरच्या टास्क मॅनेजरमध्ये आरडीपीक्लिप (rdpclip, रिमोटचं कॉपी-पेस्ट सांभाळणारा प्रोग्राम) बंद करून रनमधून पुन्हा चालू करा.

रिमोटच्या आत आणखी एक रिमोट उघडलात तर कंट्रोल-ऑल्ट-एंड पहिल्यावरच अडतं. सगळ्यात आतल्या मशीनवर ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा, हाताने कंट्रोल-ऑल्ट धरा आणि माउसने पडद्यावरचं डिलीट दाबा.