जुन्या वस्तूंचे छायाचित्रण आणि संगणकावरील संस्करण

खानदेशातल्या जुन्या घरांत अजूनही तांब्याचे हंडे, पितळी समया, अडकित्ते, देवघरातले चांदीचे टाक (देवाची प्रतिमा उठवलेले पत्रे), मोडी लिपीतले कागद आणि क्वचित फडक्यात बांधून ठेवलेल्या शिवराया, म्हणजे शिवकालीन धाटणीची तांब्याची नाणी, सापडतात. वाटण्या होतात, घरे पाडून नवी बांधली जातात, भांडी मोडीत जातात. अशा वेळी नीट काढलेले छायाचित्र हाच त्या वस्तूचा एकमेव पुरावा उरतो. म्हणून या छायाचित्राने आधी खरे असावे आणि मग देखणे, हे धरूनच पुढची पद्धत दिली आहे.

छायाचित्रासाठी वस्तू चिंच, राख किंवा बाजारातल्या पावडरीने घासू नये. समजा, आपल्यासमोर घोड्यावरच्या खंडोबाचा टाक आहे. रोजच्या स्नानाने देवाचे नाक जवळजवळ सपाट झाले आहे, घोड्याच्या पायांच्या बेचक्यात हळद साचून कडक झाली आहे आणि पत्र्याच्या कडेला एक जुना डाग, म्हणजे धातू वितळवून केलेला सांधा, दिलेला आहे. ही झीज, ही हळद आणि तो डाग मिळूनच त्या टाकाचा इतिहास होतो, आणि घासून लख्ख केलेल्या टाकात त्यातले फारसे काही उरत नाही. मऊ, कोरड्या ब्रशाने वरची धूळ झटकावी आणि तेवढ्यावर थांबावे.

प्रकाशासाठी महागडे दिवे लागत नाहीत. उत्तरेकडे तोंड असलेल्या दारात किंवा ओसरीवर वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही आणि तिथला पसरलेला उजेड या कामाला उत्तम असतो. खानदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, पण त्याच्या अगदी जवळ असल्यामुळे जूनच्या आसपास मात्र तिथेही तिरपे ऊन शिरते. तसे झाल्यास, किंवा दार दुसऱ्या दिशेला असल्यास, पांढरा धुवट मांजरपाट ताणून बांधावा, म्हणजे कडक ऊनही गाळून मऊ होते. घरातला पिवळा बल्ब त्या वेळी बंदच ठेवावा. त्याचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा आणि दिवसाचा ५५०० केल्विनच्या आसपासचा असल्याने, दोन्ही एकत्र आले की एकाच हंड्याची एक बाजू नारिंगी आणि दुसरी निळसर दिसते, आणि हा दोष नंतर संगणकावर धड निघत नाही.

सर्वांत अवघड असते ती चकचकीत गोल भांड्यांची गोष्ट. लोट्याच्या पोटात खिडकी, मोबाइल आणि फोटो काढणारा असे सगळेच दिसतात, कारण असा पृष्ठभाग आरशासारखाच वागतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लेन्सला लावला तरी धातूवरची चकाकी काचेवरच्या चकाकीसारखी सहज जात नाही. म्हणून लोट्याला जे दिसते तेच बदलावे. त्याच्या तिन्ही बाजूंना पांढरे कापड उभे करावे आणि समोरच्या कापडाला फक्त लेन्सपुरते भोक ठेवावे. मग भांडे इतके पांढरे दिसू लागते की त्याची कड पार्श्वभूमीत विरघळते. तेव्हा चौकटीच्या बाहेर, दोन्ही कडांजवळ काळ्या पुठ्ठ्याच्या अरुंद पट्ट्या उभ्या केल्या की आकार पुन्हा रेखीव होतो. नाण्यांचे तंत्र याच्या उलट आहे. शिवराईवरची ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्र पति’ ही अक्षरे झिजलेली असतील, तर प्रकाश एकाच बाजूने, नाण्याच्या पातळीला जवळजवळ समांतर टाकावा. अक्षरांच्या बारीक सावल्या पडतात आणि वाचन शक्य होते. प्रकाशाची दिशा बदलून तीन-चार छायाचित्रे घ्यावीत, कारण एका दिशेला लपलेली रेघ दुसऱ्या दिशेला हमखास उठून दिसते.

मोबाइल वस्तूच्या अगदी जवळ नेला तर लोट्याचे पोट फुगते आणि तळ आक्रसतो. त्यापेक्षा दीड मीटर मागे सरून दुप्पट झूमची वेगळी लेन्स असल्यास ती वापरावी. कॅमेरा असेल तर ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११ आणि दोन सेकंदांचा टायमर ठेवावा, आणि फाइल शक्यतो रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्करण न केलेल्या, स्वरूपात घ्यावी. प्रत्येक वस्तूच्या निदान एका छायाचित्रात सेंटिमीटरची पट्टी आणि रंगांचा तोल साधायला लागणारे करडे कार्ड असलेच पाहिजे. तळ, मागची बाजू, डाग दिलेली जागा आणि कोरलेले नाव यांची स्वतंत्र छायाचित्रे घ्यावीत. भांड्यावर कोरलेल्या नावाने कित्येकदा घराण्याचा धागा लागतो.

चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर छोट्या वस्तू मांडून, केवळ प्रकाशाच्या जोरावर अख्खी दृश्ये उभी केली. ती कला होती आणि थोर कला होती. आपले काम नोंदीचे आहे, त्यामुळे प्रकाशावरची त्यांची हुकमत शिकावी, परंतु भास निर्माण करण्याचा मोह टाळावा.

संस्करण नेहमी प्रतीवर करावे आणि मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. गिंप, डार्कटेबल किंवा रॉथेरपी हे मोफत कार्यक्रम या कामाला पुरेसे आहेत. आधी करड्या कार्डावर टिचकी देऊन रंगांचा तोल साधावा, मग चित्र सरळ करून उजेड जुळवावा, कातरावे आणि धारदारपणा अगदी शेवटी, तोही बेताने वाढवावा. रंगांची तीव्रता वाढवण्याच्या फंदात पडू नये. तांबे केशरी झाले की त्यावरची जुनी काळपट छटा हरवते. शक्य असेल तर वस्तू शेजारी ठेवून पडद्याशी ताडून पाहावी. कापडावरचा धुळीचा कण पुसायला हरकत नाही, पण वस्तूवरचा ओरखडा कधीही पुसू नये. कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र ‘सुधारणारी’ साधने तर झिजलेल्या अक्षराच्या जागी स्वतःच्या अंदाजाने नवे अक्षर बसवतात, आणि तसे झालेले नाणे अभ्यासाच्या दृष्टीने बनावटच ठरते. मोडी कागद वाचण्यासाठी कॉन्ट्रास्ट वाढवणे योग्य आहे, मात्र त्या प्रतीच्या नावातच ‘वाचनासाठी’ असे लिहावे.

जपून ठेवायची प्रत टिफमध्ये, पाठवायची जेपीईजीमध्ये करावी आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी साठवाव्यात. छायाचित्र कुठेही टाकण्यापूर्वी फाइलमधली जीपीएसची, म्हणजे ठिकाणाची, नोंद काढून टाकावी, नाहीतर घरच्या देवांचा पत्ता परक्याच्या हाती पडतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू, आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोल असलेली पंचाहत्तर वर्षांहून जुनी हस्तलिखिते, पुरावस्तू ठरतात. मूर्तींसारख्या काही प्रकारांना नोंदणी लागते आणि तेव्हाही हीच छायाचित्रे उपयोगी पडतात. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेतील अभ्यासकाचे मत घ्यायचे असेल, तर संस्करण न केलेली फाइल, पट्टीसह दोन्ही बाजूंची छायाचित्रे, वजन आणि वस्तू घरात कोणाकडून आली याची माहिती एकत्र पाठवावी.