रंग बदलणाऱ्या खड्याची अंगठी करायचीय? सराफ्यात जायच्या आधी एवढी तयारी ठेवा

धाकट्या भावाचा साखरपुडा ठरलाय आणि होणाऱ्या बायकोसाठी त्याला हिऱ्याची नको, रंग बदलणाऱ्या खड्याची अंगठी करायचीय, त्यामुळं दोन महिने झाले घरात हाच विषय चालू आहे. चार वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी अशीच अंगठी केली होती आणि फसले होते, म्हणून यावेळी सगळी तयारी आधीच लिहून काढली. आपल्या परभणी-नांदेड-लातूरकडं हा खडा कोणी रोज विकत नाही बरं का, दुकानदार जयपूरहून नाहीतर मुंबईहून मागवून देतो आणि खडा समोर आला की हो-नाही तिथंच ठरवा म्हणतो. त्या घाईत काही सुचत नाही, म्हणून तयारी घरून करून जायची.

सगळ्यात आधी पिशवीत उजेड भरा. म्हणजे एक मेणबत्ती, काडेपेटी, आणि मिळाला तर तारेचा जुना पिवळा बल्ब, सोबत कोरा पांढरा कागद. रंग बदलणाऱ्या खड्यांतला नावाजलेला म्हणजे अलेक्झांड्राइट, त्यात क्रोमियम असतं, ते पिवळा उजेड गिळतं आणि हिरवा अन लाल पुढं जाऊ देतं. दिवसाच्या उजेडात निळा-हिरवा भाग भरपूर म्हणून खडा हिरवा दिसतो, ज्योतीत लाल भाग जास्त म्हणून तोच खडा लालसर-जांभळा होतो. दुकानातले दिवे पांढरे फटक एलईडी, त्यात हा बदल नीट कळतच नाही, आणि पिवळा दिसणारा एलईडी लावून दाखवला तरी त्यात मेणबत्तीइतका लाल नसतो. मोबाईलचा टॉर्च तर बिलकुल नको. आमच्याकडं परवा संध्याकाळी लाईट गेली तेव्हा नमुन्याला आणलेला खडा मी देवघरात समईजवळ धरला, दुपारी ओसरीत शेवाळ्यासारखा हिरवा दिसलेला खडा तिथं पिकल्या जांभळासारखा झाला, आई पूजा अर्धी ठेवून बघायला आली.

वेळ ठरवून जा. दुपारी अकरा ते तीनच्या मधे, आणि खडा दुकानाच्या पायरीवर सावलीत बघा, थेट उन्हात नाही. मावळतीचं ऊन पिवळं असतं, त्यात दिवसाचा रंग खरा कळत नाही. त्या दिवशी लाल-गुलाबी साडी किंवा भडक शर्टसुद्धा घालू नका, कपड्याचा रंग खड्यात उतरतो. बघताना खडा हलवायचा नाही, उजेड बदलायचा. अलेक्झांड्राइट नुसता तिरका केला तरी वेगवेगळे रंग दाखवतो, टांझानाइट नावाचा निळा-जांभळा खडाही तसंच करतो, पण तो कोनामुळं होणारा बदल, उजेडामुळं होणारा नाही, आणि विकणारा हातात खडा फिरवत फिरवत दाखवायला लागला की हे दोन्ही एकात मिसळून जातं.

फोटोवर तर अजिबात ठरवू नका. मोबाईलचा कॅमेरा आपोआप पांढरं पांढरं दिसावं म्हणून रंग सारखे करतो, त्यात कधी बदल पुसला जातो आणि कधी नको तेवढा वाढतो. जयपूरवाल्याकडून व्हिडिओ मागवायचाच असेल तर खड्याशेजारी हाताचा पंजा आणि पांढरा कागद दिसू द्या म्हणावं, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे हे आपोआप रंग सारखे करणं, लॉक करून एकदा खिडकीजवळ आणि एकदा मेणबत्तीजवळ, मधे कट न करता.

आता कुठला खडा, हे घरीच ठरवून जा, कारण रंग बदलणारे खडे एकच नाहीत. अलेक्झांड्राइट म्हणजे क्रायसोबेरिल नावाचं खनिज, आपल्या लसण्याचा सख्खा भाऊ, कठीणपणा ८.५ (हिऱ्याचा १० धरून). सापडला १८३० च्या दशकात रशियात उरल डोंगरात, नाव पडलं तिथल्या युवराज अलेक्झांडरवरून. आता ब्राझील, श्रीलंका, आफ्रिकेतून येतो, आपल्या देशातही आंध्र आणि ओडिशाकडं निघतो. पण चांगला बदल असलेला, स्वच्छ आणि कॅरेटच्या वरचा नैसर्गिक खडा लई महाग पडतो, कॅरेट वाढलं की नुसती किंमत नाही तर कॅरेटमागचा भावच चढतो. रंग बदलणारा नीलम कठीणपणात ९, निळ्यावरून जांभळ्यावर जातो. गार्नेट म्हणजे आपल्या गोमेदाच्या घराण्यातलं, कठीणपणा ७ ते ७.५, बदल कधी कधी अलेक्झांड्राइटलाही मागं टाकील असा, बजेट कमी असेल तर मी हेच सुचवीन. तुर्कस्तानचा डायस्पोर, जो झुल्टानाइट नावानं विकतात, दिसायला गोड पण कठीणपणा ६.५ ते ७ आणि एका बाजूनं चटकन चिरतो. आपल्याकडची धूळ आठवा, मार्च-एप्रिलमध्ये दारखिडक्या लावल्या तरी बोट फिरवलं की रेघ उठते, त्या धुळीत क्वार्ट्झ असतो, कठीणपणा ७, म्हणजे रोज फडक्यानं पुसून पुसूनच असा खडा आंधळा होईल. रोज घालायच्या अंगठीत डायस्पोर नको, पेंडंट करा खुशाल.

माझी फसगत नेमकी इथं झाली होती. अलेक्झांड्राइट म्हणून घेतलेला खडा दिवसा निळसर राखाडी आणि रात्री जांभळा-गुलाबी व्हायचा, मला वाटलं असाच असतो. निघाला व्हॅनेडियम धातू घालून कारखान्यात बनवलेला कोरंडम (नीलम ज्या खनिजाचा असतो तेच), जो शंभरेक वर्षांपासून अलेक्झांड्राइट म्हणून खपवला जातो. हिरव्यावर न जाता राखाडी-निळ्यावरच थांबला की शंका घ्या. आता लॅबमध्ये वाढवलेलं खरं अलेक्झांड्राइटसुद्धा मिळतं, घटक तेच, कठीणपणा तोच, बदल झकास, ते घेण्यात काही कमी नाही, फक्त लॅबचा म्हणून सांगून लॅबच्या भावात दिलेला पाहिजे. भावाला मी हेच सांगायलेय, की पैसे जेवढे आहेत तेवढ्यात राखाडी मरगळलेला नैसर्गिक घेण्यापेक्षा ताजा हिरवा-लाल लॅबचा घे, आणि तिला आधी सांगून घे.

लॅबचा तपासणी रिपोर्ट मागाल तेव्हा खडा सुटा असताना मागा, कोंदणात बसल्यावर वजन घेता येत नाही. रिपोर्टवर जात, नैसर्गिक की सिंथेटिक, कॅरेट, मिलिमीटरमधली मापं आणि रंगबदल एवढं दिसलं पाहिजे, मुंबईत जीआयए या अमेरिकन रत्नसंस्थेची लॅब आहे, जयपूरमध्येही लॅब आहेत, रिपोर्टचा नंबर घालून ऑनलाइन ताडून बघा. रत्तीत हिशोब करू देऊ नका, रत्ती दुकानागणिक बदलते, एक कॅरेट मात्र सगळीकडं २०० मिलिग्रॅम. आणि नुसतं कॅरेट विचारू नका, मिलिमीटर विचारा, नीलम जड असतो म्हणून एक कॅरेटचा नीलम एक कॅरेटच्या डायस्पोरपेक्षा लहान दिसतो. खडा छापील पेपरवर ठेवून वरून बघा, मधोमध अक्षरं वाचता आली तर पैलू उथळ पाडलेत, रंग तिथंच गळतो.

जिच्यासाठी अंगठी आहे तिला एक प्रश्न विचारून ठेवा, दिवसभर कुठल्या उजेडात असतेस. भावाची होणारी बायको बँकेत आहे, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ट्यूबखाली. म्हणजे खड्याचं दुसरं रूप तिला आठवड्यातून एखाद्या दिवशी समईपाशी नाहीतर कुठं मेणबत्तीच्या उजेडात दिसणार, बाकी सगळा वेळ ती दिवसाचाच रंग बघणार. तो एकटा रंग आवडतो का हे तिला विचारून मगच पुढं जायचं ठरलंय. घरात पत्रिका बघणारं कोणी असेल तर अलेक्झांड्राइट नवरत्नांत नाही हेही आधीच सांगून टाका, आमच्या आईनं कुठल्या ग्रहाचा म्हणून विचारलं तेव्हा गुरुजींना फोन लावून एकदाचं मिटवलं.

बोटाचं माप उन्हाळ्यात संध्याकाळी घ्या, सकाळच्या थंड बोटावर बसलेली अंगठी मे महिन्यात निघत नाही. माप चुकलं तर खडा बसल्यावर भट्टीची आच द्यावी लागते आणि खडा तडकू शकतो, म्हणून आधी साध्या चांदीची त्याच रुंदीची रिंग चार दिवस घालून बघायला द्या. सोनं १८ कॅरेट सांगा, २२ कॅरेट मऊ, खडा धरणारे पंजे वाकतात. खाली मोकळं ठेवा म्हणजे उजेड आरपार जाईल. जुनं सोनं मोडीत देणार असाल तर वजन तुमच्यासमोर, आणि बिलावर सोन्याचं निव्वळ वजन वेगळं, पाच कॅरेटचा खडा म्हणजे एक ग्रॅम होतो, तेवढं सोन्याच्या भावात जायला नको. मजुरी, घट आधी बोलून घ्या, हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) मोबाईलवर तपासा.

खडा कारागिराकडं देताना त्याचा भिंगातून फोटो काढून ठेवा, आतल्या रेषा-ठिपके प्रत्येक खड्याचे वेगळे असतात. अंगठी तयार झाली की बाकीचे पैसे द्यायच्या आधी तो फोटो शेजारी धरून बघायचं आणि काउंटरवरच मेणबत्ती लावायची, दुकानदार काय म्हणेल म्हणून लाजायचं नाही.