विंडोज १० वरून लिनक्सवर जायचं का? आधी हे बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि जुन्या लॅपटॉपवर ११ अधिकृतपणे चढत नाही, म्हणून लगेच लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायची घाई नको. आधी रोज काय काय वापरता ते कागदावर लिहा. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) असेल तर विषयच संपला, विंडोजवरच रहा. श्रीलिपीत (जुनं मराठी टायपिंग सॉफ्टवेअर) टाईप केलेल्या जुन्या फाईली असतील तर त्या आधी युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत) करून घ्या, नाहीतर तिकडे नुसती चित्रविचित्र अक्षरं दिसतील. नुसतं ब्राउजर आणि युट्यूब असेल तर बिनधास्त जा.

मग मिंट पेनड्राइव्हवर घेऊन तिथूनच चालू करा, हार्डडिस्कला हात लागत नाही (फक्त इन्स्टॉलवर क्लिक करू नका!), वायफाय, आवाज, मराठी कीबोर्ड आणि मुख्य म्हणजे प्रिंटर चालतो का बघा, खरी बोंब तिथेच होते. पेनड्राइव्हवर स्लो वाटेल, ते मनावर घेऊ नका.