बिलावरचा क्यूआर: या चुका टाळा

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मी फाउंड्र्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर बसवून देतो. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, लागू झालं आणि तेव्हापासून माझे निम्मे फोन बिलावरच्या क्यूआरचेच असतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे क्यूआर स्वतः बनवणं. एका शनिवारी कास्टिंग भरलेली गाडी चाकणला एका कंपनीच्या गेटवर अडली. क्यूआर स्कॅन होत होता, पण त्यातून ना विक्रेत्याचा जीएसटी नंबर येत होता ना रक्कम. यायचा तो नुसता ६४ अक्षरांचा आयआरएन, म्हणजे पोर्टलने बिलाला दिलेला नोंदणी क्रमांक. झालं असं होतं, की प्रिंटमध्ये क्यूआर उमटेना म्हणून नव्या ऑपरेटरने आयआरएन कॉपी केला, फुकटच्या वेबसाइटवर त्याचा क्यूआर बनवला आणि बिलावर चिकटवला. दिसायला हुबेहूब! गाडी खाली झाली सोमवारी सकाळी. ड्रायव्हरने दोन रात्री केबिनमध्ये काढल्या, ते मला आजही लागतं. मला एक फोन केला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

पोर्टलकडून आयआरएनसोबत सही केलेला एक लांबलचक मजकूर येतो. दोघांचे जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख, रक्कम, मुख्य मालाचा एचएसएन (मालाच्या प्रकाराचा कोड), आयआरएन हे सगळं त्यात असतं आणि खरेपणा त्या डिजिटल सहीवरून ठरतो. तोच मजकूर एक अक्षरही न बदलता क्यूआरमध्ये गेला पाहिजे. साध्या कॅमेऱ्याने स्कॅन केल्यावर अगम्य अक्षरं दिसली तर घाबरू नका, ती तशीच दिसतात. तपासायला जीएसटीचं पडताळणी ॲप वापरा.

दुसरी चूक जागा वाचवण्याची. मजकूर शेकडो अक्षरांचा, त्यामुळे या क्यूआरच्या एका बाजूला शंभराच्या आसपास चौकोन येतात. तो दोन सेंटिमीटरमध्ये कोंबला की एक चौकोन मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढाही उरत नाही. डॉट मॅट्रिक्सवर तर त्याचा काळा डागच होतो, आणि कार्बनच्या तिसऱ्या प्रतीबद्दल बोलायलाच नको. मी पाच सेंटिमीटरखाली जात नाही आणि ई-इनव्हॉइस लेझरवरच काढायला लावतो. मालक कागदाचा खर्च काढतात. गाडीच्या खोटीचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही.

‘एच लेव्हल ठेवा, ३० टक्के खराब झाला तरी चालतो’ हा सल्लाही घाईचा. लेव्हल म्हणजे क्यूआर किती खराब झाला तरी वाचता येईल याची पातळी, एल सर्वांत कमी, मग एम, आणि एच सर्वांत जास्त. लेव्हल वाढली की चौकोनही वाढतात. एवढ्या मोठ्या मजकुराला एल किंवा एम ठेवून आकार मोठा घ्या.

चारी बाजूंना चार चौकोनांएवढी कोरी जागा सोडा, तिथे टेबलाची रेघसुद्धा नको.

पैशांचा यूपीआय क्यूआर शेजारी छापू नका, स्कॅनर भलताच उचलतो. मी तो खाली बँक तपशिलाजवळ ठेवतो.

वॉरंटी कार्डावर फुकटच्या ‘डायनॅमिक’ क्यूआरच्या, म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून लिंक फिरवणाऱ्या क्यूआरच्या, नादी लागू नका. ट्रायल संपली की लिंक मरते आणि छापलेला गठ्ठा रद्दीत जातो. पत्ता आपल्याच वेबसाइटचा द्या.

बिलाचा पीडीएफच पाठवा, व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो नको.

आणि स्कॅन करून बघायचं ते छापलेल्या कागदावर, शिक्का आणि सही झाल्यावर. स्क्रीनवर बघून ‘चालतंय’ म्हणणाऱ्याला मी कागद घेऊन परत पाठवतो.