थंडीत कुंड्यांना पाणी घालताना जरा थांबा

आपल्या ठाण्यात आणि नवी मुंबईत थंडी म्हणजे काय, तर पहाटे 16-17 डिग्री आणि दुपारी परत 30 च्या पुढे, त्यामुळे दव गोठून झाडं जळतील वगैरे भीतीच नाही, उत्तरेकडचे व्हिडिओ बघून झाडांवर प्लास्टिक घालत बसू नका. इकडे थंडीत झाडं जातात ती जास्त पाण्याने. ऑक्टोबरच्या उकाड्यात सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची सवय लागलेली असते, डिसेंबर आला तरी आपला हात तसाच चालू राहतो आणि झाड मात्र तेवढं पाणी पीत नाही, मग मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून आपण अजून घालतो. माझं 6 वर्षांचं अडेनियम असंच गेलं, खोड दाबून बघितलं तर आत पिचपिच. फार वाईट वाटलं. तेव्हापासून मातीत बोट दोन पेरं घालून बघते, कोरडं लागलं तरच पाणी, आणि तेही सकाळीच. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डासही तिथेच होतात.

दुसरं म्हणजे ऊन. डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, 22 डिसेंबरच्या आसपास भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर, म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन पार आतपर्यंत येतं आणि उत्तरेच्या बाल्कनीत अजिबात नाही. तुळस, गुलाब, शेवंती उत्तरेला असतील तर आत्ताच हलवा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा. मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर पेरायला हेच दिवस चांगले, कोथिंबिरीचे धणे मात्र रगडून दोन करूनच पेरा.

मोगऱ्याला या दिवसांत झोपू द्यायचं. डिसेंबरच्या शेवटी पाणी एकदम कमी करा, जानेवारीच्या मध्यावर फांद्या साधारण एक तृतीयांश छाटा, जुनी पानं काढून टाका, मग दोन मुठी कुजलेलं शेणखत देऊन पाणी चालू करा, नवीन फुटव्यालाच कळ्या येतात.

घोडबंदर रोड काय नि खारघर काय, बांधकामाची धूळ पानांवर बसतेच, आठवड्यातून एकदा सकाळी पानं धुवा. जास्वंदीवर कापसासारखा मिलीबग किंवा शेवंतीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) दिसला की 1 लिटर पाण्यात 5 मिली नीम ऑइल आणि थोडा लिक्विड साबण, ऊन उतरल्यावर फवारा.

सोसायटीच्या आवारात किंवा बंगल्याच्या अंगणात हापूस असेल त्यांनी हे नक्की करा, मोहोर यायच्या दिवसांत झाडाला पाणी आणि युरिया दोन्ही देऊ नका, नाहीतर मोहोराऐवजी लालसर पालवी फुटते. मोहोरावर पांढरी भुरी, म्हणजे पिठासारखी बुरशी, दिसली तर पाण्यात मिसळणारं 80 टक्के गंधक 1 लिटरला 2 ग्रॅम, पण नीम ऑइल मारलेलं असेल तर दोन-तीन आठवडे तरी थांबा, दोन्ही एकत्र आलं की पानं करपतात. मोहोर पूर्ण उमललेला असताना कीटकनाशक तर नकोच, माश्या आणि मधमाश्या मेल्या तर फळ धरणार कसं? कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की मग आळं करून पोटभर पाणी द्या आणि आळ्यात झाडलेला पालापाचोळा पसरा, तो कोपऱ्यात जाळू नका.