पहिल्यांदाच एकांकिका बसवताय? मग या चुका टाळा

मी कॉलेजात पहिली एकांकिका बसवली तेव्हा दिग्दर्शक म्हणजे सगळ्यांना करून दाखवणारा माणूस असंच वाटायचं. "असं नाही रे, हे बघ" म्हणत प्रत्येक वाक्य मीच बोलून दाखवलं आणि शेवटी सहाही जण माझ्यासारखेच बोलायला लागले, म्हातारी आजीसुद्धा. करून दाखवू नका, विचारा, की बाबा या वाक्याने तुला समोरच्याकडून काय काढून घ्यायचंय. वेळ जातो, पण नट स्वतः शोधतो ते टिकतं.

दुसरी चूक, घाई. पहिल्या दिवशी वाचन आणि दुसऱ्या दिवशी लगेच ब्लॉकिंग, म्हणजे कोणी कुठे उभं राहायचं, कुठून कुठे जायचं ते ठरवणं. हातात संहिता घेऊन माणूस फक्त चालतो, अभिनय बिभिनय काही होत नाही. चारपाच वाचनं बसूनच करा.

आता जागेचं, इथे सगळेच आपटतात. आमच्या तालमी वर्गात व्हायच्या, दारातून टेबलापर्यंत चार पावलं. स्पर्धेच्या स्टेजवर विंगेतून टेबल गाठायला अकरा पावलं लागली, वाक्य केव्हाच संपलं आणि आमचा हिरो नुसता चालतोय, चालतोय, हॉलमधून कोणीतरी "रिक्षा करू का?" ओरडलं! त्यामुळे स्टेजचं माप आधी मिळवा, जमिनीवर चिकटपट्टी लावून तेवढ्यातच तालीम करा, आणि तुम्ही दर वेळी मधोमध बसू नका, कडेच्या खुर्चीवरून बघा म्हणजे कोण कोणाला मास्क करतंय, म्हणजे कोणाच्या आड कोण झाकलं जातंय, ते कळतं.

ब्लॅकआउट हा तर आजारच आहे. वीस मिनिटांत सात अंधार, अंधारात खुर्च्यांची खडखड, कोणाचा तरी पाय. टेबल हलवायचंच असेल तर उजेडात, पात्रांकडून हलवून घ्या. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' या नाटकात दिग्दर्शक जब्बार पटेलांनी ओळीत उभ्या माणसांचाच पडदा केला होता, ओळ फुटली की दृश्य बदललं. आपण तेवढे थोर नाही हे मान्य, पण निदान विचार तरी त्या दिशेने करा. आणि अंधार लागणारच असेल तर फर्निचरच्या जागांना रेडियम लावा.

लाईट-म्युझिकवाल्यांना शेवटच्या दिवशी बोलवू नका, रंगीत तालमीनंतर नवीन काही सुचलं तर गिळून टाका.

आणि तिसरी घंटा झाली की सरळ प्रेक्षकांत जाऊन बसा. मी विंगेत उभा राहून इतके हातवारे केले की नंतर परीक्षकांनी विचारलं, "ते डावीकडचं मुकं पात्र कोणाचं होतं?"